फळ्यावर लिहिलेले चौसष्ट रुपये

गेल्या महिन्यात बँकेतले एक तरुण साहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, शाळेतल्या मुलांपुढे बचतीवर चार शब्द बोला. या भागात मुलांची खाती उघडण्याचं काम सर्वांत आधी तुम्ही केलं, असं ऐकतो." ऐकतात ते खरं आहे. त्याचं प्रशस्तिपत्र अजून माझ्या भिंतीवर आहे, खाली अमरावतीच्या एका मोठ्या साहेबाची सही आहे. मी त्यांना चहा पाजला आणि येणार नाही म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा वाटलं, तेच लिहावं. मुलांना पैसे सांभाळायला शिकवताना काय काय झालं ते. आता वयही असं झालं आहे, की स्वतःची लाज झाकून ठेवण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं आणि राजधानी नागपूरला. अकोटपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी चौथीपर्यंतच्या शाळेचा हेडमास्तर होतो. हेडमास्तर म्हणजे एकटाच मास्तर. त्या काळी लहान गावात पोस्टाचं काम मास्तराकडेच देत. महिन्याला थोडा भत्ता मिळायचा. आमचं पोस्ट म्हणजे वर्गाच्या कोपऱ्यातलं एक लाकडी कपाट. त्यात तिकिटं, मनीऑर्डरीचे फॉर्म, शिक्का, तराजू आणि बचतखात्याची वही. सकाळी हलकारा टपालाची थैली घेऊन अकोटला चालत जायचा आणि दुपारी परत यायचा. मुलं पाढे म्हणत असायची आणि मी एका हाताने शिक्के मारत असायचो.

खातं उघडायला निदान चार आणे लागायचे. पोरांकडे चार आणे कुठले? कुणाकडे एक पैसा, कुणाकडे दोन पैशांचा ढब्बू. म्हणून मी एक युक्ती केली. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावून काड्यापेटीची रिकामी खोकी कपाटात ठेवली. पैसा-पैसा खोक्यात टाकायचा, चार आणे भरले की खातं उघडायचं. खातं मुलाच्या नावाने, आणि पालक म्हणून बापाचा अंगठा. मूल अज्ञान असतं, म्हणून पैसे काढायचे तर पालकानेच काढायचे, असा नियम. बाप असताना पालकाच्या जागी आईचं नाव घालावं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पहिलं खातं ज्या पोराचं उघडलं तो चोर निघाला. रोज न चुकता एक पैसा आणायचा. मी त्याला सगळ्या वर्गापुढे उभं करून शाबासकी द्यायचो. पुढे कळलं, की अकोटच्या जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांमागे हा धावायचा, मूठमूठ कापूस ओढून काढायचा आणि वाण्याला विकायचा. बाकीची पोरं त्याच कापसावर फुटाणे घेऊन खायची. हा मात्र माझं ऐकून पैसे साठवत होता! त्याला मारावं की नाही, हे मला दोन दिवस ठरवता आलं नाही. शेवटी मारलं. पण हलक्या हाताने.

दुसरा एक पोरगा रोज मधल्या सुट्टीत कपाटापाशी यायचा. "गुरुजी, माही चवन्नी दाखवा." मी पासबुक दाखवायचो. तो म्हणायचा, "हे तं लिवलेलं हाय. चवन्नी दाखवा." चवन्नी अकोटला गेली, तिथून पुढे गेली, पण तुझीच आहे, हे मी त्याला चार प्रकारे समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गेली तं मंग माही कशी?" वर्ग हसला, मीही हसलो. तेव्हा मला माझ्या कामाची भारी मस्ती होती. तालुक्यात कुठल्याच शाळेत एवढी खाती नव्हती.

मस्तीचं मुख्य ठिकाण म्हणजे शाळेच्या दाराबाहेर टांगलेला फळा. त्यावर इतर मास्तर सुविचार लिहायचे. मी शिल्लक लिहायचो. सगळ्यांत वरचं नाव ज्याची शिल्लक जास्त त्याचं. मुलांमध्ये चुरस लागावी एवढाच हेतू होता. येणारा-जाणारा वाचायचा, ज्याला वाचता यायचं नाही त्याला दुसरा वाचून दाखवायचा. बाप माणसं रस्त्यात थांबून आपल्या पोराचं नाव कितवं आहे ते विचारायची. मला वाटायचं, गावाला वळण लागतंय.

चौथीत गोदी नावाची मुलगी होती. गोदावरी पुंजाजी. घर माळ्याचं, विहिरीवर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. आई अंजनाबाई डोक्यावर टोपली घेऊन अकोटच्या बाजारात विकायला जायची. गोदी बांधावरचा सांबार तोडून जुड्या बांधायची आणि त्यातला पैसा-दोन पैसे खोक्यात टाकायची. असे तिचे एक रुपया अकरा आणे झाले होते. हिशेबात इतकी पक्की, की माझी वही मी तिच्याकडून तपासून घ्यायचो. चौथीनंतर गावात शाळा नव्हती. अकोल्याला मुलींच्या शाळेत तिला घालायचं, तिथेच वसतिगृहात ठेवायचं, सातवीची परीक्षा झाली की मास्तरीण होईल, हे मी तिच्या आईच्या कानावर घातलं होतं. मला वाटलं, बाई हसेल. ती हसली नाही. टोपली खाली ठेवून तिने विचारलं, "वर्साले किती लागतीन?" मी अंदाजे साठ रुपये सांगितले. ती म्हणाली, "तुमी तिचं नाव लावा गुरुजी. पैशाची फिकीर नोका करू." एवढंच बोलून टोपली उचलून गेली. तिच्याकडे पैसे कुठून येणार, असं मनात आलं, पण विचारलं नाही.

पुंजाजी वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो. दारू नाही, बायकोवर हात टाकणं नाही, बोलायला गोड. त्याला नाद होता कापसाच्या तेजीमंदीचा. कापूस न घेता, न विकता, पुढच्या महिन्याच्या भावावर पैसे लावायचे. अकोटला आणि अकोल्याला तेव्हा हा सट्टा चांगल्या चांगल्या घरात शिरला होता. पुंजाजी रोज अकोटला जाऊन भाव ऐकून यायचा. उद्या मोठा डाव लागणार, असं त्याला रोज खरोखरच वाटायचं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झालेली होती. सरकारने जुने राणीछाप रुपये बंद करायचं काढलं. ते खऱ्या चांदीचे. अमुक तारखेच्या आत ते खजिन्यात नाहीतर पोस्टात भरा, त्यानंतर बाजारात चालणार नाहीत, असा हुकूम आला. मी तो वर्गात वाचून दाखवला. नुसता वाचून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी मास्तर. मी त्यावर अर्धा तास धडा दिला. म्हटलं, "घरात गाडग्यात, जमिनीत पुरून ठेवलेले रुपये त्या तारखेनंतर खापरं होतील. घरी जाऊन सांगा. पुरलेला पैसा मेलेला असतो, पोस्टातला पैसा जिवंत असतो."

हे मी सांगितलं ते खोटं होतं. रुपया म्हणून चालला नसता, पण चांदी थोडीच कुठे जात होती! कुठलाही सोनार ती वजनावर घेत होता. पुढे तर चांदीचा भाव इतका चढला, की एका राणीछापाचे रुपयाहून कितीतरी जास्त यायचे. गावातल्या अडाणी बायकांना हे ठाऊक होतं. ट्रेनिंग झालेल्या मास्तराला ठाऊक नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी गोदी शाळेत आली ती परकराचा ओचा दोन्ही हातांनी धरून. कपाटापाशी येऊन तिने ओचा सोडला. ओल्या मातीने भरलेलं एक फडकं आणि त्यात रुपये. मी पाटीवर दहा-दहाच्या चळती लावल्या. त्रेसष्ट भरले. सगळे राणीछाप.

"आईला विचारलंस का?" मी म्हटलं.

"आई बाजारात गेली. संध्याकाळी येते. आज आखरीचा दिस हाय ना गुरुजी? तुमीच तं सांगतलं, उद्या खापरं होतीन म्हून."

तिचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. आईचे पैसे वाचवले, असं तिला वाटत होतं. खरं सांगतो, मलाही माझ्या सगळ्या नोकरीतला तो सगळ्यांत चांगला दिवस वाटला. शिकवलेलं कुणाच्या तरी अंगी लागलं! संध्याकाळपर्यंत थांबावं, आईला येऊ द्यावं, निदान पैसे कपाटात तसेच ठेवावे, यातलं काही सुचलं नाही. हलकारा थैली घेऊन दारात उभा होता. मी गोदीच्या पासबुकात रक्कम लिहिली, शिक्का मारला आणि रुपये थैलीत घालून अकोटला पाठवून दिले. मग बाहेर जाऊन फळ्यावरची जुनी नावं पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: पहिला नंबर, गोदावरी पुंजाजी, शिल्लक चौसष्ट रुपये अकरा आणे.

दिवस मावळताना अंजनाबाई आली. रिकामी टोपली काखेतच होती. घरी जाऊन आली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दारातल्या फळ्याकडे बोट करून तिने पहिला प्रश्न विचारला.

"ते काय लिवलं जी? लोकं मले पाहून काहून हासून राहिले?"

मी वाचून दाखवलं.  काय होऊन बसलं ते मला तेव्हा नीटसं कळलंही नव्हतं. तिने कपाळावर हात मारून घेतला नाही, शिव्या दिल्या नाहीत. उंबऱ्यावर बसली.

"गुरुजी, रांजनाखाली ठेवले होते मी ते. गोदीच्या बापाले आपल्या हातानं पानी घ्याची आदत नाई. घरात तेवढीच एक जागा होती, का जिथं त्याचा हात जात नाई. नऊ वर्सं होते तिथं. ठाव होतं ते फक्त गोदीले."

नऊ वर्षं. म्हणजे गोदी दोनेक वर्षांची असल्यापासून. भाजीच्या पैशांतून रुपया जमला, की ती अकोटच्या सोनाराकडून जुना, चांदीचा बदलून घ्यायची. एवढी खबरदारी तिने घेतली होती. मी फळ्याकडे धावलो आणि धोतराच्या सोग्याने तो पुसून काढला. सकाळपासून अख्ख्या गावाचा तो वाचून झाला होता.

"काढून द्या," ती म्हणाली. मी सांगितलं, पालकाच्या अंगठ्याशिवाय निघत नाहीत. "मंग माहा अंगठा घ्या." मी सांगितलं, पालक म्हणून पुंजाजी आहे. "पैसे माहे, पोरगी माही, अन् अंगठा त्याचा?" नियम मी केलेला नव्हता. पण फॉर्म मीच भरला होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, हलकारा निघून गेला न गेला तोच पुंजाजी हजर. हसतमुख. माझे पाय धरायला वाकला. "गुरुजी, तुमी तं घरात लक्ष्मी दाखवली! आमच्याच घरात, अन् आमाले पत्ता नाई!" त्याला त्रेसष्ट रुपये काढायचे होते. भाव चढत होता. दिवाळीपर्यंत दुप्पट करून पुन्हा भरतो, असं तो शपथेवर सांगत होता. "पोरीचे सांबाराचे एक रुपया अकरा आने तिचे तिले राहू द्या," असंही म्हणाला. एवढी माया त्याला होती. मी त्याला अर्धा तास समजावलं. अकोल्याची शाळा, वसतिगृह, पोरीचं भलं. तो सगळ्याला हो हो म्हणाला आणि मग अंगठ्याला शाई लावून घेतली.

एवढी मोठी रक्कम द्यायची तर फॉर्म अकोटला पाठवून मंजुरी यावी लागे, आणि पैसे थैलीतून यायचे. मध्ये रविवार होता. रविवारी सकाळी अंजनाबाई माझ्या घरी आली. हातात मेथीच्या दोन जुड्या. तिने त्या माझ्या बायकोपुढे ठेवल्या आणि मला म्हणाली, "गुरुजी, तो फारम चार दिस दाबून ठेवा. गोदीचा मामा नांदगाव खंडेश्वरहून येऊन राहिला. त्याच्यापुढं गोदीच्या बापाचं तोंड उघडत नाई. मामा त्याले बरोबर समजावते, अन् पैसे पोरीच्या शाळेसाठीच काढाचा नवा अंगठाही आपल्यासमोर घेते. फक्त चार दिस. हरवला म्हना. लिवाले चुकला म्हना."

फॉर्म माझ्याच कपाटात होता. शनिवारी हलकारा निघून गेल्यावर पुंजाजीने तो दिला होता. मला तो कपाटात तसाच ठेवता आला असता. एखादा आकडा चुकवता आला असता, म्हणजे अकोटहून तो दुरुस्तीला परत आला असता. असं होतच असे. दुसऱ्या मास्तरांकडे तर दर आठवड्याला होत असे. माझ्याकडे कधी झालेलं नव्हतं, आणि त्याचाच मला अभिमान होता. त्या महिन्यात अमरावतीहून साहेब तपासणीला यायचे होते.

मी म्हटलं, "अंजनाबाई, असं करता येत नाही. नियमात बसत नाही."

माझी बायको आतून म्हणाली, "अहो, चार दिवसच तर म्हणतात त्या." मी तिला गप्प बसवलं.

अंजनाबाई मेथी तिथेच ठेवून गेली.

सोमवारी फॉर्म गेला, मंगळवारी दुपारी पैसे आले. चांदी नव्हती, कागदाच्या नोटा. पोस्ट वर्गातच असल्यामुळे पुंजाजीला पैसे मोजून दिले ते साऱ्या मुलांसमोर. गोदी पहिल्या रांगेत बसली होती. तिने मान वर केली नाही. मी मात्र सवयीने मोठ्याने मोजत होतो, वीस, तीस, चाळीस. मध्येच ऐकू आलं, की वर्ग माझ्याबरोबर मोजतोय. मीच ती सवय लावली होती. तेवढं त्रेसष्टपर्यंतचं मोजणं संपायला किती वेळ लागला, ते मला सांगता येणार नाही.

मामा बुधवारी आला. पुंजाजी तोवर अकोटला जाऊन पैसे लावून बसला होता. मामाने आरडाओरडा केला, पुंजाजीने खाली मान घालून ऐकून घेतला. पुढच्या काही महिन्यांत लढाईमुळे परदेशची गिऱ्हाइकी तुटली आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव असा पडला, की चांगले चांगले शेठजी झोपले. त्यात त्रेसष्ट रुपयांची काय कथा. पुंजाजी माझ्याकडे येऊन लहान मुलासारखा रडला. मला त्याची दया आली नाही. माझी स्वतःचीही आली नाही.

गोदी अकोल्याला गेली नाही. मी वर्गणी काढून पाठवतो म्हटलं, पण अंजनाबाईने माझ्याकडून दमडी घेतली नाही. दोन वर्षांनी पोरीचं लग्न झालं. दूर, शेंदूरजनाघाटाकडे, संत्र्यांच्या बागा असलेल्या घरात. मला आमंत्रण होतं. मी गेलो नाही. साहेब तपासणीला आले, त्यांनी माझी वही पाहिली, एकही खाडाखोड नाही म्हणून खूश झाले. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र त्याच वर्षीचं आहे. फळा मी काढून टाकला, पण खाती उघडत राहिलो. वरून आकडे मागायचे आणि मी द्यायचो. रात्री झोप लागायची. तीच गोष्ट मला आता सगळ्यांत वाईट वाटते.

बरीच वर्षे झाली. देश स्वतंत्र झाला. वही चाळताना गोदीचं खातं डोळ्यांपुढे यायचं. एक रुपया अकरा आणे, वर थोडं व्याज. बरीच वर्षे देवघेव नसली, की खातं बंद पडतं. ती आता सज्ञान होती. तिच्या नुसत्या सहीने पैसे निघणार होते, बापाची गरज नव्हती. माझ्या मनाने घेतलं, की एवढे तरी तिच्या हातात द्यावे. वरूडला शिक्षकांचं शिबिर निघालं, तेव्हा पासबुक आणि फॉर्म खिशात घालून मी निघालो आणि तिथून शेंदूरजनाघाटला गेलो.

घर सापडलं. ओसरीवर सासरा आणि नवरा संत्र्यांची प्रतवारी करत बसले होते, आणखी दोन माणसं होती. मी कोण ते सांगितलं. त्यांनी आदराने बसवलं, संत्री सोलून दिली. गोदी आतून आली. पाठीला एक पोर. पदर कपाळापर्यंत. मला पाहून तिच्या डोळ्यांत ओळख आली आणि ती हसली. मी इतका हरखलो, की पासबुक काढलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "गोदे, तुझे पैसे आहेत पोस्टात. ते द्यायला आलो."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सासऱ्याने हातातलं संत्रं खाली ठेवलं. "कायचे पैसे?" त्याने तिला विचारलं, मला नाही. "तुह्याजवळ पैसे होते? अन् आमाले सांगतलं नाई?"

नवराही वर पाहू लागला. गोदी जमिनीकडे पाहत होती.

"इथं सही कर," मी म्हणालो. चूक लक्षात येईतोवर तोंडातून निघून गेलं होतं.

"मले सही येत नाई," ती म्हणाली. "दोन-चार दिस गेली असन शाळेत. अन् हे पुस्तक माहं नाई. माहे कुठी काई पैसे नाईत."

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून बोलली. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. तिची आई रविवारी सकाळी मेथीच्या जुड्या घेऊन आली होती, तेव्हा अशीच पाहत होती.

सासरा माझ्याकडे वळला. "गुरुजी, खरं काय ते तुमी सांगा."

मी पासबुक उघडलं, उगाचच डोळ्यांजवळ धरलं आणि पुन्हा मिटलं. "माझीच चूक झाली," मी म्हणालो. "ही गोदावरी दुसरी. वयामुळे वाचण्यात घोटाळा होतो."

"होते, होते," म्हणून तो हसला आणि पुन्हा संत्रं हातात घेतलं. गोदी पोराला सावरत आत निघून गेली. अक्षर तिचं वर्गात सगळ्यांत चांगलं होतं.